मकेरेरेची टेकडी ते कामिरिथूचं मैदान: आफ्रिकेतल्या लेखकांचा काळ

शाईदौत (धागाकर्ता)

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो २८ मे २०२५ ला गेले. त्यानंतर मी त्यांची पुस्तकं पुन्हा क्रमाने वाचायला घेतली, आणि एक गोष्ट मनात पक्की होत गेली. आपण आफ्रिकेतले लेखक सुटे सुटे वाचतो. एक अचेबे, एक सोयिंका, एक न्गुगी, जणू प्रत्येक जण आपापल्या माळरानावर एकटाच उगवला. प्रत्यक्षात ही माणसं एकमेकांना ओळखत होती, एकमेकांची हस्तलिखितं वाचत होती, एकाच नियतकालिकात कडाकडा भांडत होती. त्यांच्यामागे दोन-तीन कॉलेजं होती, थोडी मासिकं होती, एखाद-दुसरा प्रकाशक आणि काही फार हट्टी संपादक होते. धागा त्या सगळ्या गोतावळ्याबद्दल काढलाय.

सुरुवात जून १९६२ पासून करतो. कंपालातल्या मकेरेरे टेकडीवरच्या कॉलेजात इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. युगांडाच्या स्वातंत्र्याला अजून चार महिने होते, केनियाच्या स्वातंत्र्याला दीड वर्ष. नायजेरियातून चिनुआ अचेबे, वोले सोयिंका, ख्रिस्तोफर ओकिग्बो आणि जॉन पेपर क्लार्क आले. दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले इझेकिएल म्फाहलेले, लुइस न्कोसी, ब्लोक मोडिसाने होते. अमेरिकेतून कवी लँग्स्टन ह्यूज आले होते. वयं बघा: अचेबे ३१, ओकिग्बो २९, सोयिंका अजून २८ सुद्धा पुरे नाहीत. कॉलेजातच इंग्रजी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला छापून आलेल्या एक-दोन कथांच्या बळावर बोलावणं मिळालं होतं. तेव्हा तो जेम्स न्गुगी असं नाव लावायचा.

या पोराने आपल्या कादंबरीचं हस्तलिखित अचेबेंना वाचायला दिलं. अचेबेंनी ते वाचलं, सूचना केल्या आणि लंडनच्या हाइनमन प्रकाशनाकडे त्याची शिफारस केली. १९६४ मध्ये 'वीप नॉट, चाइल्ड' या नावाने ती आली. हाइनमनने १९६२ मध्येच 'आफ्रिकन रायटर्स सिरीज' सुरू केली होती. ॲलन हिल हे तिथले शालेय पुस्तकं विकणारे गृहस्थ. नायजेरियात, घानात शाळा भराभर उघडतायत आणि त्या मुलांना वाचायला त्यांच्या देशातलं काहीही नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून स्वस्त, कागदी बांधणीची, नारिंगी पाठीची पुस्तकं. अचेबे या मालिकेचे पहिले संपादक झाले आणि जवळजवळ दहा वर्षं त्यांनी हे काम बिनपगारी केलं. पहिली शंभर पुस्तकं त्यांच्या नजरेखालून गेली. मला विचाराल तर 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी लिहिण्याइतकंच हे काम मोठं आहे. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि 'थिंग्ज फॉल अपार्ट' तरी किती थोडक्यात वाचली! हाताने लिहिलेली एकुलती एक प्रत अचेबेंनी जाहिरात बघून लंडनच्या एका टंकलेखन संस्थेला पोस्टाने पाठवली, सोबत ३२ पौंड फी. पुढे कित्येक महिने तिकडून उत्तरच नाही. अचेबे तेव्हा नायजेरियाच्या आकाशवाणीत नोकरीला होते. तिथल्या त्यांच्या वरिष्ठ अँजेला बीटी रजेवर लंडनला गेल्या आणि त्या कचेरीत जाऊन थडकल्या, तेव्हा कुठे काम हललं. हाइनमनने १९५८ मध्ये पहिल्यांदा छापल्या त्या २००० प्रती. ती प्रत गहाळ झाली असती तर पुन्हा लिहायचं बळ आपल्यात राहिलं नसतं, असं अचेबेंनी पुढे सांगितलंय.

परत मकेरेरेकडे येतो. परिषदेला 'इंग्रजीत लिहिणारे' ही अट होती. टांझानियाचे शाबान रॉबर्ट हे स्वाहिलीतले त्या काळचे सर्वांत मोठे कवी, त्यांना त्यामुळे जागा नव्हती. योरुबात कादंबरी लिहिणारे फागुन्वा यांनाही नव्हती. सोयिंका लहानपणापासून फागुन्वांवर वाढलेले, पुढे १९६८ मध्ये त्यांनीच फागुन्वांची कादंबरी इंग्रजीत नेली. म्हणजे ज्यांच्याकडून घेतलं ते दाराबाहेर आणि घेणारे आत. वर्षभरातच, १९६३ मध्ये, ओबी वाली या नायजेरियन समीक्षकाने कंपालाच्या 'ट्रान्झिशन' मासिकात लेख लिहून घाव घातला: आफ्रिकेतल्या लेखकाने युरोपीय भाषेत लिहिणं म्हणजे बंद गल्लीत शिरणं आहे. पुढचे अंक या लेखावरच्या पत्रांनी भरून गेले. म्फाहलेलेंनी उत्तर दिलं, सोयिंकांनी खरपूस समाचार घेतला. अचेबेंनी १९६५ मध्ये सविस्तर लेख लिहून आपली बाजू मांडली की ही भाषा माझ्या हातात आलीच आहे, तर मी ती वापरणार, पण ती वाकवून, माझ्या अनुभवाचं वजन पेलेल अशी करून.

तेव्हा त्या दालनात बसलेला तो विद्यार्थी पंधरा वर्षांनी वालींच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्यावर कुणीतरी लिहावं. मी इथे थांबतो.

खडूफळा

शाईदौत, फार दिवसांनी असा धागा आला. कामिरिथूबद्दल मी लिहिते, माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

कामिरिथू हे नैरोबीजवळ लिमुरूला लागून असलेलं गाव. माऊ माऊ बंडाच्या काळात इंग्रजांनी विखुरलेल्या कुटुंबांना जबरदस्तीने एकत्र आणून अशी गावं वसवली होती. न्गुगी तिथलेच. १९७६ मध्ये गावातल्या एका बाईंनी त्यांच्याकडे धोशा लावला की तुम्ही विद्यापीठात शिकवता, आमच्या गावासाठी काहीतरी करा. न्गुगी तेव्हा नैरोबी विद्यापीठात साहित्य विभागाचे प्रमुख. गावात समाजकेंद्र होतं, चार भिंती आणि एक रिकामं मैदान. साक्षरतेचे वर्ग सुरू झाले आणि त्यातून नाटकाचा विचार पुढे आला.

न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी या दोघांनी मिळून गिकुयू भाषेत 'न्गाहिका न्देंदा' लिहिलं, म्हणजे 'मला वाटेल तेव्हा लग्न करीन'. कथा साधी आहे. किगुंडा नावाचा शेतकरी, दीड एकर जमीन, तिचा कागद घरात भिंतीवर टांगलेला. गावातला धनाढ्य जमीनदार त्याला रीतसर चर्चमध्ये लग्न लावायचा आग्रह करतो. खर्चासाठी किगुंडा कागद गहाण ठेवून बँकेचं कर्ज काढतो. जमीन जाते.

मसुदा गावकऱ्यांसमोर वाचला गेला आणि तिथेच खरी गंमत झाली. म्हातारे उठून सांगू लागले की आमच्या वयाचा माणूस असं बोलत नाही. बायकांनी गाणी दुरुस्त केली, कारण त्यांना ती पाठ होती. बाटा कंपनीच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी आपल्या पगाराचा आणि कामाच्या तासांचा हिशेब जमिनीवर मांडून दाखवला, तो संवादात गेला. तालमी उघड्यावर चालायच्या, त्यामुळे प्रयोगाच्या आधीच अर्ध्या गावाला नाटक पाठ. मंच आणि प्रेक्षकांची बसायची जागा गावकऱ्यांनी स्वतः बांधली. ऑक्टोबर १९७७ मध्ये प्रयोग सुरू झाले, लांबलांबहून माणसं गाड्या करून यायला लागली. सहा-सात आठवड्यांत सरकारने परवाना रद्द केला. ३१ डिसेंबरच्या रात्री न्गुगींना घरातून उचललं आणि खटला न चालवता कामिटीच्या तुरुंगात ठेवलं. पुढे १९८२ च्या मार्चमध्ये पोलिसांनी येऊन तो मंचही जमीनदोस्त केला.

यात एक मुद्दा माझ्या मते कळीचा आहे. 'पेटल्स ऑफ ब्लड' ही त्यांची इंग्रजी कादंबरी त्याच वर्षी, जुलै १९७७ मध्ये आली होती. राज्यकर्त्यांवरची टीका तिच्यात नाटकाहून कमी नाही. तिच्या प्रकाशनाला खुद्द मंत्री हजर होते. पकडलं ते गावच्या भाषेतलं नाटक केल्यावर.

दर्यावर्दी

खडूफळाताई, शेवटचा परिच्छेद वाचून थांबलोच.

कामिटीतली पुढची गोष्ट सांगतो. तुरुंगात न्गुगींनी ठरवलं की आता कादंबरी गिकुयूतच लिहायची. कागद मिळेना, म्हणून शौचालयाचा कागद वापरला. तो कागद मुद्दाम खरखरीत दिलेला असायचा, कैद्यांना त्रास व्हावा म्हणून. लेखणीला मात्र तो उत्तम चालला. काही महिन्यांनी कोठडीची झडती झाली आणि सगळा गठ्ठा जप्त. तीनेक आठवड्यांनी नव्या तुरुंगाधिकाऱ्याने तो परत केला: यात मला काही गैर दिसत नाही, फक्त तुम्ही फार अवघड गिकुयू लिहिता! 'कैतानी मुथारबा-इनी' ही ती कादंबरी, १९८० ची. इंग्रजीत 'डेव्हिल ऑन द क्रॉस'.

प्रकाशक हेन्री चकावा यांना धमक्या आल्या, त्यांच्यावर शस्त्राने हल्ला झाला, हाताचं बोट जायबंदी झालं. तरी छापलं. पाच हजारांची पहिली आवृत्ती संपायला तीन ते पाच वर्षं लागतील असा अंदाज होता, ती महिन्याभरात संपली. न्गुगींनीच लिहून ठेवलंय की घराघरांत संध्याकाळी तिचं वाचन व्हायचं, आणि दारूच्या गुत्त्यांतही. वाचणारा मोठ्याने वाचत जायचा, रंगात आलेल्या जागी त्याचा पेला रिकामा झाला की तो पुस्तक खाली ठेवायचा. मग ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी ओरडायचं, अरे याला अजून एक बिअर द्या. असं गुत्ता बंद होईपर्यंत.

उंबरठा

एक अडचणीचा प्रश्न विचारायलाच हवा. मकेरेरेच्या परिषदेचे पैसे कुठून आले? 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या पॅरिसस्थित संस्थेकडून. 'ट्रान्झिशन'ला मदत तिचीच. नायजेरियातल्या इबादानच्या 'म्बारी' या लेखक-कलावंतांच्या क्लबला आणि 'ब्लॅक ऑर्फियस' मासिकालाही. १९६६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केलं की या संस्थेमागे अमेरिकेची गुप्तहेर संस्था सीआयए आहे, आणि १९६७ मध्ये ते कबूलही झालं. मुंबईतून नाही का 'क्वेस्ट' निघायचं, निस्सीम इझिकेल ज्याचे पहिले संपादक? तेही याच साखळीतलं. तेव्हा आफ्रिकेच्या बौद्धिक जीवनाचा सुवर्णकाळ आपण म्हणतो, तो शीतयुद्धाच्या खर्चात धरलेला होता का?

शाईदौत

उंबरठा, प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. पैसा सीआयएचा होता, यात शंका नाही. तो घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

पण त्या पैशातून काय निघालं तेही बघा. 'म्बारी'ने डेनिस ब्रूटस आणि ॲलेक्स ला गुमा यांची पहिली पुस्तकं छापली. दोघेही वर्णद्वेषी राजवटीचे हाडवैरी, ला गुमा तर कम्युनिस्ट. 'ट्रान्झिशन'चे संस्थापक रजत निओगी, कंपालात जन्मलेले बंगाली. मासिक सुरू केलं १९६१ मध्ये, ऐन विशीत. त्यांनी घानाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांच्यावर टीका छापली, टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांचे लेख छापले, युगांडातल्या नव्या राज्यघटनेवर टीका करणारं खासदार अबू मयांजांचं पत्र छापलं. या शेवटच्या प्रकरणात १९६८ मध्ये ओबोटे सरकारने निओगी आणि मयांजा दोघांना तुरुंगात टाकलं. निओगी सुटले ते आतून मोडूनच. आधी पैशाच्या उघडकीने बदनामी, मग कोठडी. मासिक अक्राला गेलं, सोयिंकांनी काही काळ चालवलं, १९७६ मध्ये बंद पडलं.

देणाऱ्याचा हेतू मलिन होता म्हणून मी तो अंक फेकून देणार नाही. पण पैसा आटला तेव्हा त्या मासिकांना उभं ठेवणारा वर्गणीदार घरात तयार झालेला नव्हता, आणि ही जखम फार खोल गेली, हे मला मान्य आहे.

मांडवीकाठ

गोव्याचा धागा जोडतो.

पियो गामा पिंटो. जन्म नैरोबी, १९२७, आईवडील गोव्याचे. शिक्षणासाठी लहानपणीच भारतात पाठवलं. मुंबईत नोकरी केली, पोर्तुगिजांविरुद्धच्या चळवळीत शिरले, अटकेची चिन्हं दिसली तेव्हा १९४९ मध्ये केनियाला परतले. तिथे पत्रकारिता, कामगार संघटना आणि माऊ माऊंना गुपचूप मदत. १९५४ ते १९५९ स्थानबद्धता. स्वातंत्र्यानंतर वृत्तपत्रं चालवली, खासदार झाले, जमिनीच्या प्रश्नावर सरकारशी भांडू लागले. २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत स्वतःच्या घराच्या फाटकाजवळ, गाडीत मुलगी बसलेली असताना, त्यांना गोळ्या घातल्या. वय ३७. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या.

दुसरे पीटर नाझरेथ. कंपालात जन्मलेले गोवेकर, मकेरेरेचे विद्यार्थी. त्यांची 'इन अ ब्राउन मँटल' ही कादंबरी १९७२ मध्ये आली. आफ्रिकी राजकारणात मनापासून पडलेला आणि शेवटी परका ठरलेला गोवेकर तिचा निवेदक आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत चालते व्हा म्हणून फर्मान काढलं. आमच्याकडे आफ्रिकेहून परतलेल्या पिढीला 'आफ्रिकाकार' म्हणतात, त्यांच्या घरी या काळाच्या गोष्टी निघतात, पण ही कादंबरी कुणी वाचलेली दिसत नाही. वाचायला हवी.

रानवाट

न्गुगींबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मातृभाषेत लिहा हा आग्रह गिकुयूसारख्या लाखोंच्या भाषेत ठीक आहे. नायजेरियात भाषा शेकडो. अचेबेंची मातृभाषा इग्बो, तिथे अडचण आणखी निराळी. मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायबलसाठी निरनिराळ्या बोली एकत्र कालवून 'युनियन इग्बो' नावाची लिखित भाषा बनवली. अचेबेंना ती कायम कृत्रिम आणि बेचव वाटत आली. गावात माणसं बोलतात तिच्यात नाद आहे, या लिखित भाषेत तो उरलाच नाही, असं ते म्हणायचे. मग त्यांनी लिहायचं कशात? 'थिंग्ज फॉल अपार्ट'मधल्या म्हणी वाचताना मला इग्बो गाव ऐकू येतं. इंग्रजीत लिहिलं म्हणून तो माणूस परका होत नाही.

शिवाय बियाफ्रा नायजेरियातून फुटून निघाल्यावर १९६७ ते १९७० मध्ये जे युद्ध झालं, त्यात अचेबेंच्या लोकांची जी दैना झाली ती जगापर्यंत न्यायला इंग्रजीच कामाला आली. ओकिग्बो त्या युद्धात सैनिक म्हणून लढताना मारले गेले, जेमतेम पस्तिशीचे होते. सोयिंका युद्ध थांबवायच्या खटपटीपायी २२ महिने तुरुंगात होते, बराच काळ एकांतकोठडीत.

खडूफळा

रानवाट, अचेबे परके आहेत असं मी म्हणणार नाही. पण ओकोत प'बितेकचा विचार करा. युगांडाचा अचोली माणूस, देशाच्या फुटबॉल संघातून १९५६ मध्ये इंग्लंडला गेला आणि शिकायला तिथेच राहिला. शिक्षणशास्त्र, कायदा, मग ऑक्सफर्डला मानववंशशास्त्र. त्याने 'वेर पा लाविनो' हे दीर्घकाव्य अचोलीत लिहिलं. बोलीभाषेतलं म्हणून छापायला कुणी तयार होईना. मग स्वतःच इंग्रजी केलं, ते १९६६ मध्ये नैरोबीत छापलं गेलं आणि गाजलं. मूळ अचोली आलं त्यानंतर तीन वर्षांनी.

लाविनो ही गावाकडची बायको. नवरा ओचोल शिकून आलाय आणि त्याला आता तिच्या केसांची, स्वयंपाकाची, नाचाची लाज वाटते. ती भांडते, चिडवते, विनवते. आमच्या वाचनगटात मी त्यातले उतारे मराठीतून सांगितले तेव्हा बायका मध्येच बोलू लागल्या, प्रत्येकीला आपल्या ओळखीतला ओचोल आठवला. अचोली भाषकांची संख्या काही फार मोठी नाही. तरी हे काव्य तिथूनच उगवू शकलं, इंग्रजीतून सुचलं नसतं. अडचण भाषेच्या आकाराची कमी आणि छापणाऱ्याच्या हिमतीची जास्त होती.

पाणकणीस

अख्ख्या धाग्यात आत्तापर्यंत सगळे पुरुष! मकेरेरेच्या परिषदेला ग्रेस ओगोट आणि रेबेका न्जाऊ होत्या, त्यांची नावं कुणी घेतली नाहीत.

१९६६ मध्ये ओगोट यांची 'द प्रॉमिस्ड लँड' आली आणि त्याच वर्षी नायजेरियाच्या फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू', हाइनमनच्या त्याच नारिंगी मालिकेत. एफुरू ही व्यापार करणारी, कर्तबगार, दोनदा संसार मोडलेली बाई. तिचं मूल जातं, पण ती संपत नाही. अचेबेंच्या गावातल्या बायका ओट्यावर काय बोलत असतील ते इथे ऐकायला मिळतं. कादंबरीचा मोठा भाग नुसत्या बोलण्यावर उभा आहे. त्या काळच्या पुरुष समीक्षकांनी त्यालाच बायकी गप्पा म्हणून हिणवलं. न्वापांनी पुढे स्वतःची प्रकाशनसंस्था काढली.

घानाच्या अमा अता आयडू यांचं 'द डायलेमा ऑफ अ घोस्ट' हे नाटक १९६५ मध्ये छापून आलं, त्या तेव्हा विशीत होत्या. १९८२ मध्ये त्या शिक्षणमंत्री झाल्या. मोफत शिक्षण आपल्याला राबवता येणार नाही हे दिसल्यावर दीड वर्षात पद सोडलं.

आणि सेनेगलच्या मारियामा बा. 'यून सी लाँग लेत्र', १९७९. पंचवीस वर्षांचा संसार झाल्यावर नवऱ्याने मुलीच्या मैत्रिणीशी दुसरं लग्न केलं. आता तो वारलाय आणि सुतकाच्या दिवसांत ही बाई आपल्या मैत्रिणीला पत्र लिहितेय. शंभरेक पानांचं पुस्तक. त्याला १९८० चा पहिला नोमा पुरस्कार मिळाला, आफ्रिकेतल्या प्रकाशनांसाठीचा. पुढच्याच वर्षी बा वारल्या, दुसरी कादंबरी त्यांच्या पश्चात आली. माझ्यासाठी या सगळ्या काळातलं हे सर्वोत्तम पुस्तक आहे.

दर्यावर्दी

पाणकणीस, अगदी मान्य. 'एफुरू' मिळवतो.

बखरनवीस

ललित साहित्याची चर्चा चाललीय, पण इतिहासकारांना विसरू नका. १९६३ मध्ये ऑक्सफर्डचे ह्यू ट्रेव्हर-रोपर म्हणाले होते की आफ्रिकेला शिकवण्याजोगा इतिहासच नाही, आहे तो तिथल्या युरोपीयांचा, बाकी अंधार.

त्याच्या सात वर्षं आधी केनेथ ऑन्वुका डिके यांचं नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या व्यापार आणि राजकारणावरचं पुस्तक आलं होतं. तिथली राज्यं कशी सौदे करत होती, कुणाशी कसं राजकारण खेळत होती, हे त्यांनी वसाहतीच्या दप्तरांबरोबरच मौखिक परंपरेचा आधार घेऊन लिहिलं. त्यांनी नायजेरियाचं राष्ट्रीय अभिलेखागार उभं केलं. जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांत वाळवी खात पडलेली दप्तरं गोळा केली. इबादानच्या विद्यापीठाचे ते पहिले नायजेरियन प्रमुख. त्यांच्याभोवती 'इबादान संप्रदाय' तयार झाला, त्यात अजायींसारखी माणसं होती.

मालीचे अमादू हांपाते बा यांनी १९६० मध्ये युनेस्कोत सांगितलं होतं की आफ्रिकेत एक म्हातारा मरतो तेव्हा एक ग्रंथालय जळतं. ते नुसतं वाक्य टाकून गेले नाहीत, आयुष्यभर गावोगाव फिरून कथा, वंशावळी, फुलानी काव्य उतरवून घेत राहिले. १९६४ मध्ये युनेस्कोने आफ्रिकेचा इतिहास आठ खंडांत लिहवून घ्यायचं ठरवलं, आणि पहिला खंड, बुर्किना फासोच्या जोसेफ की-झर्बो यांनी संपादलेला, बराचसा साधनांवर आणि पद्धतीवरच आहे. त्यात हांपाते बा यांचा मौखिक परंपरेवरचा लेख आहे. ज्यांना बखरी, पोवाडे, वंशावळी यांची विश्वासार्हता कशी तपासायची असा प्रश्न पडतो, त्यांनी तो लेख वाचाच.

रानवाट

बखरनवीस, टांझानियातल्या दार-एस-सलामबद्दलही लिहा ना.

बखरनवीस

थोडक्यात लिहितो. न्येरेरेंनी १९६७ मध्ये समाजवादाचा अरुशा जाहीरनामा काढला आणि दार-एस-सलाम विद्यापीठ जगभरच्या डाव्या विचारवंतांचं ठिकाण झालं. गयानाचे वॉल्टर रॉडनी तिथे शिकवायचे. 'हाऊ युरोप अंडरडेव्हलप्ड आफ्रिका' तिथेच लिहिलं, १९७२ मध्ये लंडन आणि दार-एस-सलाम इथून निघालं. विद्यार्थ्यांचं 'चेचे' नावाचं मासिक होतं. त्यात इसा शिवजी या तरुणाने टांझानियातलाच समाजवाद कसा नोकरशाहीच्या हाती चाललाय हे दाखवणारा दीर्घ लेख लिहिला. १९७० मध्ये समाजवादी सरकारनेच ते मासिक बंद केलं. खुद्द न्येरेरे मात्र रात्री शेक्सपियरचं स्वाहिली भाषांतर करत असत, 'जूलियस सीझर' आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस' त्यांनी केलंय. मला हा माणूस कायम गुंतागुंतीचा वाटत आलाय.

मुंबईचा दुवाही आहे. महमूद ममदानी यांचा जन्म मुंबईचा, १९४६ चा, वाढले कंपालात. अमीनने हाकललं तेव्हा ब्रिटनच्या निर्वासित छावणीत राहिले, तिथून दार-एस-सलामला शिकवायला गेले. त्यांच्या 'सिटिझन अँड सब्जेक्ट' (१९९६) मध्ये मांडणी अशी आहे की इंग्रजांनी शहरात नागरिक केले आणि खेड्यात टोळीच्या प्रमुखाच्या हाती दिलेली रयत केली, आणि स्वातंत्र्यानंतरही ही फाळणी मोडली नाही. न्यूयॉर्कच्या महापौरांमुळे आता आडनाव घरोघरी पोचलंय, पण वडिलांचं पुस्तक वाचण्यासारखं आहे ते त्याच्या स्वतःच्या जोरावर.

उंबरठा

मग हे सगळं संपलं कसं?

शाईदौत

सगळीकडे एकसारखं संपलं नाही. मकेरेरेत अमीनच्या माणसांनी १९७२ मध्ये कुलगुरू फ्रँक कालिमुझो यांना उचललं, ते परत आले नाहीत. प्राध्यापक देश सोडून गेले. जिथे हुकूमशहा नव्हते तिथे ऐंशीच्या दशकात कर्जाच्या अटी आल्या. चलनं कोसळली, परदेशी नियतकालिकांची वर्गणी भरायला विद्यापीठांकडे डॉलर उरले नाहीत. इबादानच्या ग्रंथालयात जाणाऱ्याला एका ठरावीक सालानंतर फडताळं रिकामी दिसायची. जागतिक बँकेतले लोक उघड म्हणू लागले होते की आफ्रिकेने उच्चशिक्षणापेक्षा प्राथमिक शाळांवर खर्च करावा. माझ्या मते कुठल्याही तुरुंगाने केलं नाही इतकं नुकसान या एका धोरणाने केलं. त्यातही डाकारची 'कोडेस्रिया' ही समाजशास्त्रज्ञांची संघटना १९७३ पासून टिकून राहिली, संशोधन छापत राहिली, हे मुद्दाम नोंदवतो.

पाणकणीस

फ्रेंच भागाबद्दल एकच भर. सेनेगलचे उस्मान सेम्बेन फ्रान्समधल्या मार्सेयच्या गोदीत हमाली करत कादंबरीकार झाले. गावी गेल्यावर त्यांना कळलं की आपल्या फ्रेंच कादंबऱ्या आपल्या माणसांना वाचताच येत नाहीत. चाळिशीला टेकलेले असताना मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकले. १९६८ चा 'मंडाबी' त्यांनी वोलोफ भाषेत केला: पॅरिसहून भाच्याने पाठवलेली मनीऑर्डर, आणि ओळखपत्र नाही म्हणून ती सोडवता न येणारा एक निरक्षर गृहस्थ. कचेरीमागून कचेरी, प्रत्येक टेबलावर नवा कागद. १९७१ मध्ये त्यांनी 'काद्दू' हे वोलोफ वृत्तपत्रही काढलं. कादंबरीकाराला आपला वाचक मिळत नाही म्हणून तो माध्यम बदलतो, हे मला न्गुगींच्या मंचाइतकंच धाडसाचं वाटतं.

मांडवीकाठ

रानवाट आणि खडूफळा यांच्या वादात मी खडूफळांकडे झुकतो. पण एक व्यावहारिक शंका आहे. गिकुयूतलं पुस्तक शेजारच्या लुओ माणसाने वाचायचं कसं? शेवटी मध्ये इंग्रजी आलीच ना?

खडूफळा

यायलाच हवी असं नाही. न्गुगींनी उत्तरायुष्यात हाच मुद्दा लावून धरला होता, की आफ्रिकी भाषांनी एकमेकींशी थेट बोलावं. २०१६ मध्ये नैरोबीच्या 'जलाडा' या तरुण लेखकांच्या गटाने त्यांची एक छोटी गिकुयू कथा घेतली, माणूस दोन पायांवर का चालू लागला याची. आधी तीसेक भाषांत एकदम भाषांतरं काढली, त्यांत बहुतेक आफ्रिकेतल्या. पुढे तो आकडा शंभराच्या घरात गेला, आपल्याकडच्या भाषाही त्यात आल्या. काही भाषांतरकारांना इंग्रजीचा आधार घ्यावा लागला, हे खरंय. स्वाहिलीसाठी वेगळा वार्षिक पुरस्कारही २०१४ मध्ये सुरू झाला, त्याच्या संस्थापकांत न्गुगींचा मुलगा मुकोमा आहे. मुकोमा स्वतः इंग्रजीत लिहितो, आणि बापलेकांत यावर जाहीर चर्चाही झाल्यात.

कथा लहान आहे, पाच-सहा पानांची. या आठवड्यात वाचून इथे लिहा, मी रविवारी बघते.